चोर सोडून संन्याशाला

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणाच्याही लॉगमध्ये एक प्रसंग दिवसभर घडत असतो. २०३.०.११३.४५ अशा कुठल्यातरी आयपी पत्त्यावरून एक मशीन पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, येतं. दोन्ही बाजूंचं ‘हेलो’ होतं. येणारा सांगतो, मेल अमक्याकडून आहे. मग सांगतो, तमक्यासाठी आहे. एवढं ऐकून सर्व्हर ५५० हा नकाराचा आकडा पुढे करतो आणि बोलणं तिथेच तोडतो. मेलमध्ये व्हायरस होता की नोकरीचा अर्ज, हे पाहायची वेळच येत नाही. नकारासोबत कारण दिलेलं असतं: तुमचा पत्ता डायनॅमिक (तात्पुरता, बदलत राहणारा) आहे, तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवा.

हा निकाल क्षणार्धात लागतो, आणि त्याची पद्धत मोठी चतुर आहे. सर्व्हर आलेला पत्ता उलटा करतो, म्हणजे ४५.११३.०.२०३, त्यापुढे थेट मेल घेऊ नये अशा पत्त्यांची यादी चालवणाऱ्या संस्थेचं डोमेन जोडतो आणि हे नाव अस्तित्वात आहे का, असं डीएनएसला (इंटरनेटवरची नावं आणि पत्ते जुळवून देणाऱ्या यंत्रणेला) विचारतो. नाही म्हटलं, तर पत्ता यादीत नाही. स्पॅमहाउस या अशा एका संस्थेच्या यादीकडून १२७.०.०.१० असं उत्तर आलं, तर त्या पत्त्याच्या मालक कंपनीनेच कळवलेलं असतं की इथून थेट मेल जायला नको. १२७.०.०.११ आलं, तर ते स्पॅमहाउसने आपल्या अंदाजाने ठरवलेलं असतं. बहुतेक सर्व्हरांना दहा आणि अकरा यांच्यातल्या फरकाशी काही देणंघेणं नसतं. दोन्हींना दार बंद. मला मात्र या फरकात बरंच काही दडलेलं दिसतं, त्याकडे पुढे येतो.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. डायनॅमिक पत्त्यांवरून येणारी मेल रोखावी ही कल्पना ज्या काळात निघाली त्या काळात ती योग्यच होती, आणि आजही तिच्यात तथ्य आहे. पण बंदी कोणी घालायची, कुठे घालायची आणि तिच्यातून बाहेर पडायचा रस्ता कोणाच्या हाती असायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं चुकली आहेत. त्यामुळे छोट्याला नुसत्या संशयावरून शिक्षा होते आणि मोठ्याला पुरावा असूनही सूट मिळते.

मेल पाठवण्याचा जो नियम आजही मुळाशी आहे तो जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला. त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. मोजकी मशीन्स, मोजकी माणसं, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. तसं पाहिलं तर तेव्हाही पहिला स्पॅम येऊन चार वर्षं झाली होती: मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम धाडली होती. लोक चिडले, समज दिली गेली, विषय संपला. नव्वदच्या दशकात इंटरनेट घरोघरी पोचलं तेव्हा समज देऊन भागेना. पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७च्या सुमारास मॅप्स नावाने पहिली मोठी ब्लॉकलिस्ट (मेल नाकारायच्या पत्त्यांची यादी) चालवली. त्यांच्याकडेच पुढे डायल-अप पत्त्यांची वेगळी यादी आली, आणि डायनॅमिक पत्त्यांवरच्या बंदीची वंशावळ तिथून सुरू होते.

मग २००३ साल आलं. सोबिग नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) घराघरातल्या विंडोज मशीनमध्ये शिरायचा आणि ती मशीन्स परक्यांच्या कामाला जुंपायचा. आता स्पॅमरला स्वतःच्या सर्व्हरची गरजच उरली नाही. ज्यांना आपण काही पाठवतोय याचा पत्ताही नाही अशा लाखो लोकांची ब्रॉडबँड जोडणी त्याला फुकट मिळाली. त्याच वर्षी एओएल या मोठ्या अमेरिकी इंटरनेट कंपनीने घरगुती जोडण्यांवरून थेट येणारी मेल नाकारायला सुरुवात केली. बिल गेट्स यांनी २००४च्या जानेवारीत दावोसला सांगितलं की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. प्रश्न सुटला नाही. डायनॅमिक पत्त्यांची यादी मात्र जगभरच्या सर्व्हरांच्या सेटिंगमध्ये जाऊन बसली, आणि ती तिथेच आहे.

ती बसली याचं कारण ती उपयोगी पडत होती. बाधित मशीनमध्ये शिरलेला प्रोग्राम मेल पाठवण्याची छोटीशी यंत्रणा स्वतःबरोबर आणतो आणि समोरच्या सर्व्हरशी थेट बोलतो. सामान्य माणूस असं कधीच करत नाही. त्याची मेल त्याच्या मेल कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे. म्हणजे घरगुती पत्त्यावरून पोर्ट २५ वर थेट येणारं जे काही आहे, त्यातलं बहुतांश घाणच असतं. मजकूर उतरवून घेऊन तपासत बसायचं म्हणजे प्रोसेसर, डिस्क आणि माणसाचा वेळ, सगळंच खर्ची पडतं. दारातच हाकलणं स्वस्त पडतं. हे गणित ज्याने एकदा मांडलंय, त्याला ‘ही बंदी काढून टाका’ असं नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यात अर्थ नाही. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन गिल्मोर यांनी आपला सर्व्हर तत्त्व म्हणून सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. कोणीही यावं, त्यामार्फत मेल पाठवावी. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, पण तो मार्ग मला पटत नाही. उघड्या दाराचा फायदा सगळ्यात आधी कोण घेतं, हे सांगायला नको.

बंदीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे आणि तो खरं तर सगळ्यात भक्कम आहे, पण क्वचितच कोणी मांडतं. डायनॅमिक पत्ता हा लॉजच्या खोलीसारखा असतो. आज एक, उद्या दुसरा, आणि कालच्या माणसाने केलेल्या उधारीसाठी आजच्या माणसाचं दार ठोठावलं जातं. पत्त्यावर चांगलं नाव साचत नाही आणि वाईट नाव भलत्यालाच चिकटतं. सीजीनॅट या पत्ते वाटून वापरण्याच्या पद्धतीमुळे तर आता एकाच सार्वजनिक पत्त्यामागे एकाच वेळी कितीतरी घरं असतात. अशा ठिकाणी एकेका पत्त्याचं वर्तन पाहून त्याला चांगला-वाईट ठरवण्यात काही राम नाही. तेव्हा सगळा गटच बाजूला ठेवा, असं म्हणणारा माणूस अन्याय करायला निघालेला नसतो. त्याच्याकडे दुसरं मोजमापच नसतं. निदान २००३ साली नव्हतं.

आता त्या दहा आणि अकराकडे येऊ.

एखाद्या इंटरनेट कंपनीने स्वतः सांगितलं की हे पत्ते आम्ही घरगुती ग्राहकांना देतो आणि तिथून थेट मेल पाठवायला आमच्या कराराने मनाई आहे, तर ती माहिती झाली. पण कंपनीने काहीच सांगितलं नसताना यादीवाल्याने ठरवलं, तर तो अंदाज झाला. हा अंदाज बांधला जातो कसा? पुष्कळदा रिव्हर्स डीएनएसमधल्या, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदीतल्या, नावावरून. पत्त्याच्या नावात ‘डायन’, ‘पूल’, ‘डीएसएल’ असे तुकडे दिसले, किंवा नावात पत्त्याचेच चार आकडे डॅश देऊन गुंफलेले दिसले, की शिक्का बसतो. कित्येक स्टॅटिक (न बदलणाऱ्या) पत्त्यांची नावंही अशीच असतात, कारण हजारो पत्त्यांना एका ठशाची नावं देणारी स्क्रिप्ट कंपनीने कधीतरी एकदा चालवली आणि नंतर त्याकडे कोणी पाहिलं नाही. कित्येक सर्व्हर तर कुठल्या यादीलाही विचारत नाहीत. नावावरून अंदाज बांधणारे नियम प्रशासकाने स्वतःच लिहिलेले असतात, दहा-पंधरा वर्षांपूर्वी, आणि तो प्रशासक नोकरी सोडून गेलेला असतो.

यातून सुटायचं कसं? स्पॅमहाउस स्टॅटिक पत्ता असलेल्याला आपल्या यादीतून नाव काढून घ्यायची सोय देतं, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं कौतुक करायला हवं. त्यांनी तर स्पष्ट लिहून ठेवलंय की ही यादी गुन्हेगारांची नाही. पासवर्ड देऊन स्वतःच्या सर्व्हरवर येणाऱ्या ग्राहकांना ती लावू नका, असंही बजावलंय. तरी लावणारे लावतातच, आणि मग कंपनीचा स्वतःचा कर्मचारी घरून मेल पाठवायला गेला की त्याच्याच सर्व्हरवरून त्याला हाकललं जातं. पण मूळ अडचण यादीवाल्याच्या पलीकडची आहे. पत्त्याचं रिव्हर्स नाव बदलायचा अधिकार ग्राहकाकडे नसतो, तो इंटरनेट कंपनीकडे असतो. कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला तर पलीकडच्याला प्रश्नच कळत नाही. कळला तर उत्तर ठरलेलं: बिझनेस प्लॅन घ्या. तार, राउटर, वेग तोच. वाढतं फक्त बिल, आणि त्याबरोबर तुमची विश्वासार्हता. स्पॅम रोखण्यासाठी घातलेली बंदी अशी हळूच दरपत्रकातली एक ओळ होऊन बसते. जास्त पैसे भरणारा प्रामाणिक आणि कमी भरणारा संशयित, हे तंत्रज्ञानाने सिद्ध केलेलं नाही. तो विक्री विभागाने लावलेला शोध आहे.

एवढं सोसून स्पॅम थांबला असता तर एक वेळ गप्प बसता आलं असतं. नोव्हेंबर २००८ मध्ये मॅकोलो नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका होस्टिंग कंपनीची जोडणी तिच्या पुरवठादारांनी तोडली आणि जगभरातल्या स्पॅमचं प्रमाण रातोरात निम्म्याहून खाली आलं. घराघरातली बाधित मशीन्स त्या दिवशीही तशीच चालू होती. पण त्यांना हुकूम देणारे सर्व्हर एका डेटा सेंटरमध्ये, स्थिर पत्त्यांवर, रीतसर भाडं भरून बसलेले होते, आणि ते बंद पडताच हातांना काय करायचं ते कळेना. इतकी वर्षं आपण कोणाकडे बोट दाखवत होतो आणि गुन्हा कुठून चालत होता, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. उतारा काही महिनेच टिकला, कारण टोळ्यांनी दुसरीकडे भाड्याने जागा घेतली. ती जागाही स्थिर पत्त्यांचीच.

आज तर चित्र आणखी बदललंय. स्पॅम आणि फसवणुकीच्या मेलचा मोठा वाटा मोठ्या मेल कंपन्यांमधल्या चोरलेल्या किंवा बनावट खात्यांवरून येतो, किंवा क्लाउडवर काही तासांसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांवरून. हे पत्ते डायनॅमिक यादीत नसतात. तिथून स्पॅम येतोय हे प्रत्येक प्रशासकाला डोळ्यांनी दिसत असतं. मग तो जीमेलचे किंवा आउटलुकचे पत्ते अडवतो का? अडवून दाखवावेत. तासाभरात साहेबांचा फोन येईल. मोठ्या कंपनीकडून शंभर वाईट मेल आल्या तरी तिच्या लाखो चांगल्या मेलसाठी दार उघडंच ठेवावं लागतं. छोट्या सर्व्हरवरून एकही वाईट मेल आलेली नसली तरी त्याचं दार बंद, कारण ते बंद ठेवल्याने कोणाचाच फोन येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. फरक इतकाच की इथे चोर कोण ते न्यायाधीशाला माहीत असतं.

आणि ‘घरून मेल सर्व्हर चालवतं कोण आता?’ हा प्रश्न हमखास येतो. बरोबर आहे, फारसं कोणी चालवत नाही. पण वीस वर्षं दार बंद ठेवायचं आणि मग कोणी येतच नाही म्हणून ते बंदच बरं म्हणायचं, हा युक्तिवाद मला मंजूर नाही. ईमेल ही अजूनही अशी दुर्मीळ सोय आहे की जिच्यात दोन माणसांना एकमेकांशी बोलायला एकाच कंपनीचं गिऱ्हाईक व्हावं लागत नाही. चॅटच्या बहुतेक ॲपमध्ये ती मोकळीक नाही. ही मोकळीक कागदावर शिल्लक आहे. व्यवहारात मात्र स्वतःचा सर्व्हर मांडणाऱ्याला शेवटी कोणातरी मोठ्याच्या सर्व्हरमधूनच मेल पुढे ढकलावी लागते. ती तोड चालते, मी नाकारत नाही. ज्याला आज संध्याकाळी काम भागवायचंय त्याला मीही तेच सांगेन. पण मग त्याची प्रत्येक मेल तिसऱ्याच्या मशीनमधून जाते, आणि त्या सामाईक सर्व्हरच्या पत्त्यावरून बाकीचे गिऱ्हाईक काय पाठवतात त्याची बदनामीही त्याच्या वाट्याला येते.

यादीवाल्यांचा बचाव असतो की आम्ही कोणाची मेल अडवत नाही, आम्ही फक्त मत देतो. अडवायचं की नाही ते ज्याच्या-त्याच्या सर्व्हरने ठरवावं. कायद्याच्या दृष्टीने हा बचाव बराच टिकलाही आहे. ई-थ्री-सिक्स्टी नावाच्या मेलवरून जाहिराती करणाऱ्या कंपनीने अमेरिकेत स्पॅमहाउसवर दावा लावला, २००६ मध्ये १ कोटी १७ लाख डॉलरची एकतर्फी भरपाई मिळवली, आणि २०११ पर्यंत अपील कोर्टाने ती ३ डॉलरवर आणून ठेवली. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. ज्या माणसाच्या घरात यायचंय त्याने कोणाचा सल्ला घ्यावा हा त्याचा प्रश्न. पण सगळ्यांचा सल्लागार एकच असला की त्याचं मत आपोआप कायदा होतं, आणि कायदा करणाऱ्याला जी उत्तरदायित्वं असतात त्यातलं एकही त्याला नसतं. शिवाय लोक यादी एकदा जोडतात आणि विसरतात. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी कितीतरी सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला ‘हो, यादीत आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि त्या सर्व्हरांची सगळीच येणारी मेल अडली. तेव्हा कुठे लोक सेटिंग उघडून बसले. डायनॅमिक पत्त्यांची वेगळी यादी ठेवणारी सॉर्ब्स २०२४च्या जूनमध्ये बंद झाली. तिला अजून विचारणारे सर्व्हर नसतील यावर मी तरी पैज लावणार नाही.

मग करायचं काय? बंदी उगमापाशी घालावी. घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारं पोर्ट २५ इंटरनेट कंपनीनेच मुळात बंद ठेवावं. सामान्य ग्राहकाला त्याचा काहीही त्रास होत नाही, कारण आपल्या मेल कंपनीला मेल सोपवण्यासाठी पोर्ट ५८७ आहे, आणि ते १९९८ पासून आहे. जपानमधल्या कंपन्यांनी २००५च्या सुमारास हे सुरू केलं. ब्राझील एके काळी स्पॅमच्या उगमस्थानांत अगदी वर होता. तिथे इंटरनेट सुकाणू समितीच्या पुढाकाराने २०१२-१३ मध्ये देशभर पोर्ट २५ आवरलं गेलं आणि तो देश त्या क्रमवारीत झपाट्याने खाली आला. बाधित मशीनची मेल बाहेरच पडली नाही, तर जगातल्या हजारो सर्व्हरांना अंदाज बांधत बसावं लागत नाही.

पण मागणाऱ्याला ते पोर्ट उघडून मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी वेगळा प्लॅन विकत घ्यायला लावता कामा नये. ग्राहकाच्या खात्यात एक बटण, सोबत रिव्हर्स नाव लिहायची एक चौकट. हे स्वप्नरंजन नाही. अमेझॉनच्या क्लाउडवर पोर्ट २५ मुळात बंदच असतं आणि अर्ज करून ते उघडून घेता येतं. जे भाड्याच्या सर्व्हरला जमतं ते घरच्या जोडणीला न जमण्याचं तांत्रिक कारण मला सापडलेलं नाही.

मेल घेणाऱ्या बाजूनेही एक बदल करायला हवा. २००३ साली पत्त्याखेरीज मोजमाप नव्हतं, आज आहे. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळख पटवण्याच्या तिन्ही पद्धतींमुळे मेल कोणत्या डोमेनची, हे बऱ्यापैकी खात्रीने कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर ही तिन्ही सक्तीची केली (गुगलच्या लेखी मोठं म्हणजे दिवसाला पाच हजार मेल) आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. म्हणजे पाठवणाऱ्याला त्याच्या वागण्यावरून जोखायची पद्धत मोठ्यांनी मोठ्यांसाठी मान्य केलेली आहे. तीच छोट्यालाही लावा. डायनॅमिक पत्ता असेल तर चार गुण कमी करा, हवं तर पहिली मेल थोडा वेळ थांबवून ‘नंतर या’ म्हणा. स्पॅमची छोटी यंत्रणा बहुधा परत येत नाही, खरा सर्व्हर येतो. पण मेलवर डीकेआयएमची वैध सही असेल आणि त्या डोमेनचा इतिहास स्वच्छ असेल, तर एकट्या पत्त्यावरून ५५० टाकू नका.

यावर उत्तर येईल की डोमेन कवडीमोलाने मिळतं आणि स्पॅमरही सही करतात. करतातच. मात्र डोमेनला स्मरण असतं आणि डायनॅमिक पत्त्याला नसतं. काल नोंदवलेल्या डोमेनला हळूहळूच आत घ्यावं, त्याला माझी हरकत नाही. पाच वर्षं नीट वागलेल्याला मात्र त्याचं श्रेय मिळायला हवं. आयपीव्ही६ या नव्या पत्त्यांच्या पद्धतीत तर एका साध्या जोडणीलाही दोनाचा चौसष्टावा घात इतके पत्ते मिळतात. एकेक पत्ता यादीत घालत बसायचा धंदा तिथे असाही चालणार नाही.

नकारच द्यायचा असेल तर तो दारात आणि कारणासह द्यावा. ‘घेतली’ म्हणून मेल स्वीकारायची आणि मग आतल्या आत गायब करायची, ही सवय मोठ्या सेवांमध्येच जास्त आहे, आणि ती मला ५५० पेक्षा कितीतरी वाईट वाटते. ५५० मिळालेल्या माणसाला निदान फोन तरी करता येतो.

राहता राहिला तो ग्राहक, ज्याने अर्ज करून पोर्ट उघडून घेतलं आणि स्पॅमच पाठवला. असे निघतीलच. कुठल्या क्षणी कुठला पत्ता कोणाला दिला होता याची नोंद जगात एकाच ठिकाणी असते: ज्या कंपनीने तो दिला तिच्याकडे. यादीवाल्याकडे ती नसते, मेल घेणाऱ्या सर्व्हरकडेही नसते. तक्रार आली की तेवढ्या एका खात्याचं पोर्ट बंद करायला कंपनीला एक क्लिक लागते. ते काम तिचं आहे, आणि ते न करणाऱ्या कंपनीचे सगळे पत्ते एखाद्याने अडवले तर मी त्याची बाजू घेईन.